अवकाशवीराच्या पोशाखातील सेल्फीमध्ये आकाश उलटे का होते आणि ते सरळ कसे करावे

मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपलेला आपला चेहरा अवकाशवीराच्या शिरस्त्राणात बसवायचा आणि मागे मृगातील तेजोमेघ, चंद्र किंवा आकाशगंगेचा मध्यभाग लावायचा, अशी सोय देणारी ॲप्स आता बरीच आहेत. नासाने ‘नासा सेल्फीज’ हे या जातीचे ॲप ऑगस्ट २०१८ मध्ये, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या उड्डाणाला १५ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने आणले. स्पिट्झरने अवरक्त प्रकाशात टिपलेली ३० दृश्ये त्यात सुरुवातीला होती आणि त्या दृश्यांमागचे विज्ञानही सोबत दिलेले होते. पुढे याच धर्तीवर इतरांनीही ॲप्स काढली. मी शाळकरी मुलांसाठी आकाशनिरीक्षणाचे वर्ग घेतो आणि पहिल्या दिवशी मुलांकडून असा एक फोटो हमखास करून घेतो, कारण स्वतःचा चेहरा ज्या तेजोमेघापुढे लागला त्याचे नाव मूल सहसा विसरत नाही. पुढे जे लिहिले आहे ते एका विशिष्ट ॲपविषयी नाही. निरनिराळ्या फोनवर आणि निरनिराळ्या ॲपमध्ये एकच तक्रार दर तुकडीत पुन्हा पुन्हा येते, तिच्याविषयी हे लेखन आहे.

तक्रार अशी की फोटो छान येतो, चेहराही नीट बसतो, पण चित्रातील डावे-उजवे उलटलेले असते. कधी फक्त चेहरा उलटतो, कधी चेहरा आणि आकाश दोन्ही उलटतात आणि कधी, सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे, चेहरा सरळ राहून फक्त आकाश उलटते. करमणुकीपुरता फोटो असेल तर कोणाचे काही बिघडत नाही. मात्र त्याच फोटोवरून मूल नक्षत्र ओळखायला शिकणार असेल, तर रात्री गच्चीवर गेल्यावर त्याला प्रत्यक्ष आकाश चुकीचे वाटू लागते.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी आपला फोटो मोठ्या कागदावर छापून आणला होता. मागे अर्धा चंद्र होता आणि खाली तिने सुवाच्य अक्षरांत ‘शुक्ल अष्टमी’ असे लिहिले होते. फोटोतील चूक प्रथम तिच्या आजीच्या लक्षात आली. “अगं, तुझी चमकी उजव्या नाकपुडीत कधीपासून गेली?” असे त्यांनी विचारले, तेव्हा सगळे हसले. मग मी चंद्राकडे पाहिले. उत्तर बाजू वर असलेल्या त्या चित्रात चंद्राचा डावा अर्धा भाग उजळलेला होता, म्हणजे दिसायला तो कृष्ण अष्टमीचा चंद्र होता. पण त्याच डाव्या काठाजवळ, जरा वरच्या अंगाला, मेअर क्रिसियम या नावाचा काळसर लंबगोल डाग स्पष्ट दिसत होता. हा डाग उत्तर वर धरल्यास नेहमी उजव्या काठाजवळ असतो, आणि कृष्ण अष्टमीपर्यंत तो अंधारात गेलेला असतो. थोडक्यात, मुलीने लिहिलेली तिथी बरोबर होती. चित्र आरशातले होते. चमकी आणि चंद्र दोन्ही एकदम उलटले होते, म्हणून गॅलरीत जाऊन संपूर्ण फोटो एकदा डावा-उजवा पालटताच दोन्ही जागेवर आले.

हे का घडते ते समजून घेतल्याशिवाय उपाय करू नये, कारण चुकीच्या जागी केलेला उपाय चूक आणखी वाढवतो. पुढच्या कॅमेऱ्यासमोर आपण उभे राहतो तेव्हा पडद्यावर दिसणारी प्रतिमा फोन मुद्दाम आरशासारखी दाखवतो. आपल्याला आरशात पाहण्याची सवय असते, आणि प्रतिमा तशी नसेल तर मान डावीकडे न्यायची तर आपण ती उजवीकडे नेतो व शिरस्त्राणाच्या खाचेत चेहरा काही केल्या बसत नाही. प्रश्न बटण दाबल्यानंतरचा आहे. काही ॲप्स पडद्यावर दिसले तसेच आरशातले चित्र जतन करतात, काही चेहरा सरळ करून मग पार्श्वभूमीवर चिकटवतात, तर काही आधी चेहरा आणि आकाश एकत्र करतात व नंतर सगळे चित्र पालटतात. तिसऱ्या प्रकारात चेहरा सरळ होतो, पण मुळात सरळ असलेले आकाश त्याच्याबरोबर फुकट उलटते.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो फोनच्या सेटिंगचा. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘कॅमेरा’ या विभागात ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ अशी कळ असते. सॅमसंगच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह सेल्फीज ॲज प्रीव्ह्यूड’ असा पर्याय असतो आणि इतर अँड्रॉइड फोनवरही याच अर्थाची काहीतरी सोय सापडते. ती बंद केली की फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून निघणारे सेल्फी सरळ येतात. परंतु अवकाशवीराचे ॲप जर स्वतःचाच कॅमेरा उघडत असेल, तर ही कळ साधारणपणे त्याला लागू होत नाही. “सेटिंग बंद केली, तरी काही फरक नाही” हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकले आहे की आता मी ते बोलण्याआधीच उत्तर देतो. ॲपमध्ये गॅलरीतून फोटो निवडण्याची सोय असेल तर तिचा उपयोग करावा. वरील कळ बंद ठेवून फोनच्या कॅमेऱ्याने आधी साधा फोटो काढावा, त्यात कपाळावरची टिकली, भांग किंवा तीळ योग्य बाजूला आहे हे पाहावे आणि मगच तो ॲपमध्ये आणावा. अशी सोय नसेल तर सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे फोन दुसऱ्याच्या हाती देऊन मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून घेणे. मागच्या कॅमेऱ्याची प्रतिमा आरशासारखी दाखवली जात नाही, त्यामुळे पालटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो फोटो ‘सेल्फी’ उरत नाही, अशी हरकत मुले घेतात. ती मान्य आहे.

आता मूळ निदानाकडे. नेमके काय उलटले आहे हे चित्रावरून ओळखायचे असते, आणि येथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः अडकलो आहे. साहजिकच आपण चित्रातील अक्षरे वाचायला जातो. अक्षरे उलटी दिसली की फोटो उलटा, असा सरळ हिशेब आपण करतो. पण अमेरिकी अवकाशवीर स्थानकाबाहेर काम करताना जो पांढरा पोशाख घालतात, त्याच्या छातीवर नियंत्रणाची एक पेटी असते आणि तिच्या समोरच्या बाजूवरील अक्षरे मुळातच उलटी छापलेली असतात. शिरस्त्राण आणि गळ्याभोवतीचे कडे यांमुळे अवकाशवीराला मान खाली घालून स्वतःची छाती पाहता येत नाही. म्हणून त्याच्या मनगटावर एक लहानसा आरसा असतो. त्यात पेटीचे प्रतिबिंब पाहिले की उलटी अक्षरे सरळ वाचता येतात. ॲपमधील पोशाखाचे चित्र खऱ्या पोशाखाच्या छायाचित्रावरून घेतलेले असेल, तर बिनचूक फोटोतही छातीवरची अक्षरे उलटीच दिसणार.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या फोटोत हेच झाले. मागे संपूर्ण मृग नक्षत्र होते आणि फोटो व्यवस्थित आला होता. वडिलांनी छातीवरची अक्षरे पाहिली, फोटो उलटा आहे असे ठरवले आणि गॅलरीत तो पालटून मला पाठवला. अक्षरे सुरेख वाचता येत होती, पण काक्षीचा तांबूस तारा वर उजवीकडे जाऊन बसला होता. मीही आधी अक्षरेच वाचली आणि “आता बरोबर झाला” असे उत्तर पाठवले. दोन दिवसांनी मुलानेच विचारले की, गच्चीवरून पाहिले तर काक्षी डावीकडे दिसतो, मग आपले काय चुकते? चूक त्याची नव्हती, आम्हा दोघा मोठ्यांची होती. म्हणून आता माझा नियम असा आहे की छातीवरची पेटी पुरावा म्हणून धरायची नाही. त्याऐवजी ध्वज पाहावा. अमेरिकी पोशाखावर तो डाव्या दंडावर असतो, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या माणसाच्या सरळ फोटोत तो आपल्या उजव्या हाताला यायला हवा. पोशाखावर तिरंगा लावण्याची सोय देणाऱ्या ॲपमध्ये ध्वजाच्या रंगांवरून काहीच कळत नाही, कारण आडवे पट्टे आणि २४ आऱ्यांचे चक्र डावे-उजवे पालटले तरी जसेच्या तसे दिसते. शिरस्त्राणाच्या काचेवर दिसणाऱ्या प्रतिबिंबावरही विसंबू नये. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर काढलेल्या बझ ऑल्ड्रिनच्या प्रसिद्ध छायाचित्रात सोन्याचा थर दिलेल्या काचेत स्वतः आर्मस्ट्राँग दिसतो. ती काच म्हणजे एक फुगीर आरसाच, त्यामुळे आतली प्रतिमा अस्सल छायाचित्रातही उलटीच असते, आणि बरीच ॲप्स या छायाचित्राच्या धर्तीवर काचेत काहीतरी प्रतिबिंब रंगवून ठेवतात.

खरा निवाडा आकाशच देते. मात्र त्यासाठी फिरणे आणि पालटणे यांतला फरक मनात पक्का असावा लागतो. मृग नक्षत्र पूर्वेला उगवताना आडवे असते आणि माथ्याजवळ दक्षिणेकडे आल्यावर उभे दिसते. ऑस्ट्रेलियातून पाहणाऱ्याला ते चक्क डोक्यावर उभे दिसते. हे सगळे फिरणे आहे. चित्र हातात धरून गोल फिरवले की त्यातली कोणतीही स्थिती मिळते. पालटलेले चित्र मात्र कितीही फिरवले तरी आकाशाशी जुळत नाही. म्हणून आधी चित्र अशा प्रकारे फिरवून धरावे की बाणाचे तीन तारे मध्यभागी आणि तेजोमेघाचा पुसट ठिपका त्यांच्या खाली राहील. आता तांबूस काक्षी वर डावीकडे आणि निळसर पांढरा राजन्य खाली उजवीकडे असला पाहिजे. बाणाची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध सापडतो आणि वर उजवीकडे वाढवली की रोहिणी. व्याध उजवीकडे सापडत असेल तर आकाश उलटलेले आहे, मग अक्षरे काहीही सांगोत.

चंद्राची कसोटी वर येऊन गेलीच आहे. पूर्ण चंद्र असेल तर टायको विवर आणि त्यातून निघालेले पांढरे पट्टे खाली ठेवावेत, म्हणजे मेअर क्रिसियम उजवीकडे वरच्या अंगाला यायला हवा. गरुड तेजोमेघातील ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हे दृश्य हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपले आणि वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये पुन्हा टिपले. त्याच्या नेहमीच्या मांडणीत सर्वांत उंच स्तंभ डाव्या हाताला असतो. सर्पिल दीर्घिकांच्या बाबतीत भुजा कोणत्या दिशेने वळतात ते पाहावे, कारण तो वळसा फिरवण्याने बदलत नाही, फक्त पालटण्याने बदलतो. ज्या दृश्यात अशी काही खूण सापडत नाही, उदाहरणार्थ केवळ तेजोमेघाचा मधला भाग, तेथे त्या दुर्बिणीच्या अधिकृत संकेतस्थळावरील मूळ चित्र शेजारी उघडून ताडून पाहण्याला पर्याय नाही.

आकाशगंगेच्या मध्यभागाचे चित्र वापरणाऱ्यांनी घाई करू नये. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे अंतरावरचा हा भाग धनू राशीच्या दिशेला आहे आणि मधल्या धुळीतून साधा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. अवरक्त प्रकाश पोहोचतो, म्हणून स्पिट्झरला तो दिसला. त्या चित्रात आकाशगंगेचा पट्टा बहुधा आडवा ठेवलेला असतो, तर महाराष्ट्रातून ऑगस्टच्या संध्याकाळी ढगांनी कृपा केली तर तो पट्टा दक्षिण क्षितिजावरून वर चढत गेलेला दिसतो. दोन्हींतला हा फरक फिरण्याचा आहे. रंग जुळत नाहीत हीसुद्धा बिघाडाची खूण नव्हे, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला चित्रात दाखवण्यासाठी रंग नेमून द्यावेच लागतात.

निदान झाल्यावर उपाय ठरतो. चेहरा आणि आकाश दोन्ही उलटे असतील तर गॅलरीतील ‘एडिट’मध्ये क्रॉपच्या शेजारी बहुधा एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन त्रिकोणांचे चिन्ह असते, ते एकदा दाबावे. आकाश सरळ आणि चेहराच उलटा असेल तर माझा सल्ला असा की काहीही करू नये. चमकी दुसऱ्या बाजूला गेल्याचे आजीखेरीज कोणाला कळत नाही, आणि सगळे चित्र पालटले तर आकाश बिघडेल. अगदी सरळच हवा असेल तर फोटो मागच्या कॅमेऱ्याने नव्याने काढावा. चेहरा सरळ आणि आकाश उलटे असेल तर फोटो कोणी तरी मध्येच पालटला आहे का, हे आधी विचारावे. ॲपने जतन केलेली मूळ प्रत मिळाली तर तीच वापरावी. मूळ प्रतीतच तसे असेल तर ॲपची मांडणीच तशी आहे. अशा ॲपमध्ये मागच्या कॅमेऱ्याने फोटो घेऊन पाहावा. बहुतेकदा तेवढ्याने काम होते. तरीही आकाश उलटेच राहिले तर त्या ॲपच्या निर्मात्यांना दोन्ही चित्रे पाठवून कळवावे आणि नक्षत्र शिकण्यासाठी तोवर दुसरे ॲप वापरावे.

एक प्रकार याहून वेगळा आहे. फोटो फोनवर सरळ दिसतो आणि संगणकावर किंवा छपाईच्या दुकानात गेल्यावर आडवा होतो किंवा उलटतो. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर ते कसे धरून दाखवावे याची एक नोंद असते. या नोंदीची आठ मूल्ये ठरलेली आहेत, त्यांतली चार फक्त फिरवण्याची किंवा आहे तसे ठेवण्याची आणि उरलेली चार पालटण्याची. काही प्रोग्राम ही नोंद वाचतात, काही तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि फोटो संदेशातून पाठवताना ती पुसलीही जाऊ शकते. छपाईला देण्यापूर्वी फोटो गॅलरीत उघडून किंचित क्रॉप करावा आणि नवी प्रत म्हणून जतन करावा. नव्या प्रतीत चित्रच सहसा योग्य स्थितीत लिहिले जाते आणि नोंदीवर भिस्त राहत नाही. पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारकावेही टिकतात.

शिरस्त्राणात चेहऱ्याऐवजी काळे भोक दिसत असेल तर ॲपला कॅमेऱ्याची परवानगी नाही किंवा दुसऱ्या ॲपने कॅमेरा अडवून धरला आहे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्या पाहाव्यात आणि व्हिडिओ कॉल चालू असल्यास तो बंद करावा. फोटो जतनच होत नसेल तर फोटोंची परवानगी आणि फोनमधील रिकामी जागा पाहावी. चेहरा काळवंडत असेल तर खिडकीकडे पाठ न करता तोंड करावे. जुने ॲप नव्या फोनच्या अधिकृत दुकानात सापडले नाही तर अनोळखी संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून घेऊ नये, विशेषतः मुलांच्या फोनवर.

दुर्बिणीतून पाहणाऱ्यांसाठी एक पुस्ती जोडतो, कारण हा घोटाळा तेथेही भेटतो आणि मुले मोबाइलला दोष देतात. भिंगाच्या दुर्बिणीला मान न अवघडता पाहण्यासाठी जो काटकोनी आरसा लावतात, त्यात एकच परावर्तन होते, म्हणून चंद्र सरळ उभा पण डावा-उजवा पालटलेला दिसतो. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात. तेथे चित्र डोक्यावर उभे राहते, पण पालटत नाही. त्या काटकोनी आरशाला मोबाइल लावून चंद्राचा फोटो काढला आणि तो स्वतःच्या सेल्फीमागे लावला, तर ॲप कितीही चांगले असले तरी चंद्र उलटाच येणार. त्या सातवीतल्या मुलीने यंदा हाच उद्योग केला. या वेळी छापण्यापूर्वी तिने फोटो आधी आजीला दाखवला, मग मेअर क्रिसियम शोधला, आणि चंद्राचे चित्र ॲपमध्ये घालण्याआधीच पालटून घेतले.